बिनपूजेचा हातोडा

मी हातोडा बोलतोय. गडबडीत असाल तर खुशाल पुढं जा. मी सावकाश बोलणार आहे, कारण मी दमलोय. अठ्ठावीस वर्षं रुळावर काढली. आता लोणावळ्याच्या रेल्वे गोदामात गंजक्या फावड्यांच्या ढिगाशेजारी पडून आहे. दांडा गेला. डोकं तेवढं उरलंय, तेही एका अंगानं चेपलेलं.

माझं डोकं विलायतेत घडवलं असं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. जर्मनच्या पहिल्या लढाईच्या आदल्या साली इथल्या सुतारानं माझ्यात धावड्याचा दांडा ठोकून बसवला, तेव्हाच मला खरी जाग आली. धावडा म्हणजे आमच्या घाटातलं चिवट लाकूड. पुढं माझे चार दांडे बदलले, पण दरवेळी धावड्याचाच घातला. म्हणून मी स्वतःला मावळचाच समजतो.

माझं काम काय तेही सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. रूळ खालच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे स्लीपरवर, नुसता ठेवलेला नसतो. लोखंडी पाचरी ठोकून त्याला जखडलेलं असतं. त्या पाचरीला म्हणतात चावी. गाड्या धडधडत जातात आणि चाव्या ढिल्या होतात. त्या रोज बघत जायच्या, ढिली असेल ती ठोकून बसवायची, हे ज्याचं काम तो चावीवाला. त्याच्या खांद्यावर मी, काखेत लाल-हिरवी निशाणं, पिशवीत पाना आणि दोन-चार जादा चाव्या. आमचा टापू वळवणच्या गेटापासून मळवलीच्या सिग्नलापर्यंत. चार मैल जायचं, चार मैल यायचं. वर्षाचे बारा महिने.

मला पहिल्यांदा हातात धरलं ते गेणूनं. गेणू भला माणूस, पण अंग राखून काम करणारा. दहा चाव्यांतली एक ठोकायची, उरलेल्या नऊ जणींकडं नुसतं बघायचं, आणि सावली दिसली की बिडी काढायची. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. साहेब ट्रॉलीवरून येतोय असं दिसलं की गेणूच्या अंगात यायचं आणि माझे हाल व्हायचे, पण साहेब काही रोज येत नाही.

आणि गेणूच्या राज्यात खंडेनवमी असायची! दसऱ्याच्या आदल्या दिवशी रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या, म्हणजे गँगच्या, चाळीपुढचं अंगण सारवून पाट मांडायचे. पहारी, टिकाव, फावडी, पाने, सगळी हत्यारं घासूनपुसून त्यावर ओळीनं ठेवायची. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलायचं नाही. उचललं तर वर्षभर अपघाताचं भय. म्हणजे आम्हाला पुरे दोन दिवस रजा. गेणू त्या दिवसांत नुसती निशाणं घेऊन फिरून यायचा, एखादी चावी फारच बाहेर आली असली तर टाचेनं दाबायचा. मी पाटावर झेंडूत लोळत पडायचो. अशी दहा वर्षं गेली. तेव्हा मला वाटायचं, हातोड्याचा जन्म काही वाईट नाही.

मग गेणू म्हातारा होऊन गावी गेला आणि मी हौशीरामच्या हातात पडलो.

हौशीराम तळेगावच्या बाजूचा. बाप गावकुसाबाहेरचा. प्लेगात आईबाप गेल्यावर हा मिशनच्या शाळेत वाढला आणि तिथंच ख्रिस्ती झाला. भाऊबंदांनी त्याचं नाव टाकलं. बायको सारजाबाई, तिचीही तीच कथा. मूलबाळ झालं नाही. चाळीतली शेवटची खोली त्यांना मिळाली. चाळीच्या रांजणाला त्यांनी हात लावायचा नाही, कुणीतरी वरून पाणी ओतायचं. गँगची माणसं दुष्ट नव्हती हो. महिपती मुकादम तर कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः जाऊन बसणारा. पण रीत म्हणजे रीत, ती मोडायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

पहिल्याच दिवशी हौशीरामनं मला घेतलं आणि वळवणच्या गेटापासून ठोकायला सुरुवात केली. एक चावी, दुसरी, तिसरी, चौथी. मी वाट बघतोय की आता हा थांबेल, आता बिडी काढेल. हा कुठला थांबतोय! ज्या दोन खांबांमधला पट्टा त्या दिवशी हातात घेतला, त्यातली एकही चावी सोडायची नाही, घट्ट असो की ढिली. दुसऱ्या दिवशी पुढचा पट्टा. महिन्याभरात सगळ्या टापूतली एकूण एक चावी त्याच्या हातची ठोकून निघायची, आणि महिना संपला की पुन्हा गेटापासून सुरू. घट्ट चावीचा आवाज ठण्ण येतो, ढिलीचा ठप्प. हौशीराम मान कलती करून तो ऐकायचा आणि मगच पाऊल उचलायचा.

ह्या सगळ्याच्या मागं पाळकसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती धर्मगुरूंचा, एक उपदेश होता. लोणावळ्यात ह्यांच्या ख्रिस्ती मंडळीचं कौलारू प्रार्थनामंदिर आहे. रविवारी हौशीराम पहाटेच निघून फेरी उरकायचा आणि घामेघूम होऊन उपासनेला पोचायचा तो निम्मा उपदेश झाल्यावर. मी बाहेर पडवीत, चपला आणि छत्र्यांच्या सोबतीला. तिथून मला सगळं ऐकू यायचं. एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले होते की भक्ती काही ह्या चार भिंतींत संपत नाही. झाडणाऱ्यानं असं झाडावं की ह्याच वाटेनं प्रभू चालत येणार आहे, आणि रुळावरच्यानं असं काम करावं की पुढच्या गाडीत प्रभू बसलेला आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. हौशीरामनं ते जसंच्या तसं धरून ठेवलं. मेल असो, पॅसेंजर असो, नाहीतर कोळशाची मालगाडी, त्याच्या लेखी सगळ्यांत प्रभूच. प्रभूचं एवढं रोज कुठं जाणं-येणं चालायचं कोण जाणे. माझी मात्र हाडं खिळखिळी झाली.

आणखी एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. ठोकताना तो पुटपुटायचा. एका चावीला एक नाव. "कोंडूची आई." ठण्ण. "मुकादमाचा गुडगा." ठण्ण. "गेटवाल्याची तान्ही पोर." ठण्ण. जिथं अडलंनडलं असेल तिथलं नाव तो देवापुढं ठेवत जायचा. त्यात गँगमधला एकही माणूस सुटत नसे. सारजाबाईचं नाव रोज असायचं, स्वतःचं मी कधी ऐकलं नाही.

पहिली खंडेनवमी आली तेव्हा मी आशेनं पाटाकडं बघत होतो. महिपती मुकादम म्हणाला, "हौशीराम, तुजं तू बघ बाबा. तुज्यात हे चालत न्हाई म्हनं."

"न्हाई चालत, मुकादम," हौशीराम म्हणाला. "तुमी करा तुमची पूजा. फेरी मी करून येतो."

झालं. दोघंही सुटल्यासारखे झाले. त्याचं हत्यार आपल्या ओळीत बसवावं लागलं नाही म्हणून गँगच्या मनावरचा भार उतरला, आणि नाही म्हणावं लागलं नाही म्हणून ह्याच्याही. सगळ्यांची हत्यारं पाटावर, मी एकटा भिंतीला टेकलेला. मग खांद्यावर, मग रुळावर. साहेबानंही पुढं तेच ठरवून टाकलं: दसऱ्याच्या सुट्टीत लाइन हौशीरामनं बघायची, बाकी गँगला रजा. अशी अकरा वर्षं गेली. त्याची पूजा रोज, म्हणून माझी रजा कधीच नाही. मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ बोल लावलेत, कबूल करतो.

बाराव्या वर्षी श्रावणात असं धुकं पडलं की हातातलं निशाण दिसेना. हौशीराम इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडच्या पट्ट्यात होता. चाव्या सगळ्या घट्ट दिसत होत्या. गेणू असता तर सरळ पुढं गेला असता. हौशीरामनं एक चावी ठोकली आणि थांबला. पुन्हा ठोकली. आवाज ठण्णही नाही आणि ठप्पही नाही, चिरकल्यासारखा. तो गुडघ्यावर बसला, चिखल पुसून बघतो तर चावीलगत रूळ आडवा तडकलेला.

खडीची गाडी मळवलीहून सुटायच्या बेतात होती. उघड्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, सगळी गँग बसून येणार होती, महिपती मुकादम धरून अकरा जण. हौशीरामनं मला तिथंच टाकलं आणि मळवलीच्या बाजूला धावत सुटला. धुक्यासाठी दिलेले फटाके रुळावर लावले, ज्यांच्यावरून चाक गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. गाडी थांबली ती तडकलेल्या जागेपासून साठ-सत्तर पावलांवर. सगळे खाली उतरले, तो रूळ बघितला, खालची नदी बघितली. कोंडू नावाचा गँगमन होता, लोहगडवाडीच्या वरच्या वस्तीवरचा, वयानं सगळ्यांत लहान. तो खाली बसून हौशीरामचे पाय धरायला लागला.

"आरं, माजे कशाला धरतूस," हौशीराम म्हणाला, "ऊठ, रूळ बदलायचाय."

त्या वर्षीची खंडेनवमी. हौशीराम पहाटे नदीवर आंघोळीला गेला होता. मी नेहमीप्रमाणे भिंतीला. महिपती मुकादम आला, मला दोन्ही हातांनी उचललं, घासलं, पुसलं आणि पाटावर, सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवलं. मुकादमानं माझ्या डोक्याला हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडूची माळ घातली आणि माझ्यापुढं नारळ फोडला. अकरा वर्षांनी! मला किती बरं वाटलं ते कसं सांगू.

हौशीराम ओल्या अंगानं परत आला आणि अंगणाच्या कडेला थबकला. त्यानं मला बघितलं. माझ्या एका बाजूला मुकादमाची पहार होती, दुसऱ्या बाजूला कोंडूचा टिकाव. ज्यांच्या रांजणाला तो हात लावू शकत नव्हता त्यांच्या हत्यारांच्या ओळीत त्याचं हत्यार. त्याचे डोळे भरून आले. कोंडूनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

हौशीरामनं तो तोंडात टाकला. मग म्हणाला, "मुकादम, आज फेरी कोन करनार?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अकरा वर्षं सगळ्यांची सुट्टी ह्या एका बिनपूजेच्या हातोड्यावर चालली होती. मान द्यायच्या भरात हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता सगळ्या लाइनवर उचलायला एकही हातोडा उरला नाही.

महिपती मुकादम ओशाळला. "काडून दिऊ का रं? पर नारळ फुटलाय."

"नगा," हौशीराम म्हणाला. "बसू द्या त्याला. लय वर्सं भिताडाला उबा ऱ्हायलाय."

त्यानं निशाणं घेतली, रुळाकडेच्या खडीतला एक मुठीत मावेल असा दगड उचलला आणि तो चालायला लागला. थोड्या वेळानं दगडाचा चावीवर पडलेला आवाज लांबून आला. मी झेंडूत पडून ऐकत होतो. ज्या रजेसाठी मी इतकी वर्षं कुरकुरलो ती मिळाली, आणि मला ती गोड लागेना. संध्याकाळी तो परतला तेव्हा त्याच्या तळहाताची सालटी निघाली होती. सारजाबाईनं हात बघून कपाळाला हात लावला आणि गोडेतेल आणायला आत गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मंडळीच्या पंचांपैकी एक मास्तर होते. दसऱ्याच्या दिवशी ते चाळीवरून चालले होते. त्यांनी मला ओळखलं. दर रविवारी पडवीत त्यांच्या छत्रीशेजारीच मी असायचो. पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर पंच बसले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मंदिराच्या आत गेलो. मला टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलं होतं. दांड्याच्या खाचेत अजून थोडं कुंकू होतं.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कुंकू," हौशीराम म्हणाला.

"तुम्ही लावलंत?"

"न्हाई. मुकादमानं."

"मग पुसून का टाकलं नाहीत? खोबरं दिलं ते खाल्लंत की नाही?"

"खाल्लं जी. पहाटंपासनं पोटात काई नव्हतं."

कुणीतरी हसलं. मास्तर चिडले. पाळकसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "हौशीराम," ते म्हणाले, "आम्हाला तुमच्या मनाची शंका नाही. पण मंडळी लहान आहे, नवी माणसं बघतात. जे झालं ते पाप होतं आणि मी ते अडवायला हवं होतं, एवढं मंडळीसमोर उभं राहून म्हणा. विषय संपेल."

हौशीरामनं टेबलावरच्या माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "साहेब, मी पूजा केली न्हाई, करनार न्हाई. माजी पूजा काय हाय ते तुमीच मला शिकिवलं. त्या दिशी ती धोंड्यानं केली. पर त्यांनी केलं त्याला मी पाप कसं म्हनू? अकरा वर्सांत पयल्यांदा त्यांनी माजी वस्तू त्यांच्या वस्तूशेजारी ठिवली. ते पाप म्हनून उद्या सकाळी त्यांच्यात कुटल्या तोंडानं जाऊ?"

पाळकसाहेबांना पटत होतं, पण पंच तिघं होते आणि नियम नियम होता. ठरलं ते असं: हौशीराम ते वाक्य म्हणेपर्यंत त्यानं प्रभुभोजनाला, म्हणजे सगळी मंडळी येशूच्या नावानं भाकर आणि प्याला घेते त्याला, बसायचं नाही. उपासनेला यावं, पण भाकर आणि प्याला त्याच्यासमोरून पुढं जाईल.

त्या दिवशी घरी येताना सारजाबाई एवढंच बोलली, "भाऊबंदांनी टाकलं. आता ह्यांनीबी टाकलं. आपन मेलं तर कुनाचं म्हनून मरायचं?" हौशीरामनं मला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तो चालत राहिला.

ते वाक्य तो कधीच म्हणाला नाही. सात वर्षं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरायचं, सारजाबाई एकटी घ्यायची, आणि हा शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायचा. पडवीतून दाराच्या फटीतनं मला त्याचे पाय दिसायचे. त्या वेळी ते इतके जवळ ओढून घेतलेले असायचे, जणू कुणाच्या वाटेत येऊ नयेत. मग बाहेर येऊन तो मला उचलायचा. सोमवारी पहाटे पुन्हा पहिली चावी. आता नावांत पाळकसाहेबांचं नाव असायचं, मास्तरांचंही.

आणि गँगचं काय झालं ऐका. मंडळीचा निकाल त्यांच्या कानावर गेला होता. पुढच्या खंडेनवमीला महिपती मुकादमानं स्वतःच मला ओळीत न घेता भिंतीला लावलं. "आमच्यापायी तुला तुज्या लोकांत खाली बघावं लागलं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे बाबा. आमाला कळलं न्हाई." हौशीरामनं मुकादमाचा चेहरा बघून मान हलवली. मंडळीनं नियमापायी त्याला बाहेर ठेवलं, गँगनं मायेपायी. दोन्हीकडून बाहेरच. रुळावर तो एकटाच आणि त्याच्यासोबत मी. मला सांगा, मी कुरकुर तरी कोणत्या तोंडानं करायची?

एक्केचाळीस सालच्या भादव्यात त्याला हिवताप लागला आणि नवरात्रात तो अंथरुणावरून उठेना. शेवटचे तीन दिवस फेरी कोंडूनं केली. कोंडूचा हात कच्चा, माझं डोकं सारखं तिरपं पडायचं. पण त्यानंही एकेक चावी ठोकली, सोडली नाही. आणि दरवेळी एकच म्हणायचा, "हौशीरामभाऊ." ठण्ण. "हौशीरामभाऊ." ठण्ण. म्हणजे त्या पोरानं कधीतरी मागून येऊन ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेरी करून परत आलो तर सारजाबाई दारात बसली होती. तिनं मान हलवली. हौशीराम गेला होता. तो खंडेनवमीचा दिवस होता.

मंडळीची माणसं आली. पाळकसाहेब आले, आता म्हातारे झालेले. त्यांनी पंचांना विचारलंसुद्धा नाही. हा आपल्याच कबरस्तानात जाईल म्हणाले. पण खड्डा कोण खणणार? एरवी गावातली दोन माणसं खणून द्यायची. त्यांनी हात जोडले: आज कुदळ पूजेत आहे, उचलणार नाही. अख्ख्या मावळात त्या दिवशी कुणाची कुदळ उठणार होती? मंडळीत पुरुष सहा-सात. एक मास्तर, एक पोस्टमन, दोन बंगल्यांवरचे स्वयंपाकी, बाकी म्हातारे. बंगल्याच्या बागेतली खुरपी आणि एक मोडकं फावडं घेऊन ते खणायला लागले. खाली काळा कातळ. दुपार कलली तरी खड्डा गुडघ्याएवढाच.

कोंडू ते बघून धावत चाळीत आला आणि मुकादमाला सगळं सांगितलं.

महिपती मुकादम पाटांसमोर उभा राहिला. ताजं कुंकू, ताजी फुलं. नारळ फुटलेला. बायका दारात आल्या. मुकादमाचीच बायको म्हणाली, "अवं, पूजेतलं हत्यार! वर्सभरात कुनाचं काई बरंवाईट झालं म्हंजी?"

"झालं आस्तं," मुकादम म्हणाला. "सात वर्सांमागंच झालं आस्तं, अकरा जनांचं." त्यानं हत्यारांपुढं हात जोडले, खाली वाकून माफी मागितली आणि आपली पहार उचलली. झेंडूची माळ तुटून अंगणात सांडली. मग कुणी कुणाकडं बघितलं नाही. टिकाव उचलले, फावडी उचलली, घमेली उचलली. मी आधीच कोंडूच्या हातात होतो.

कबरस्तानात अकरा जण हत्यारं घेऊन शिरले तेव्हा मास्तर पुढं झाले. प्रत्येक पात्यावर कुंकू होतं, लपण्यासारखं नव्हतं. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "ही तर पूजेतली..."

"दिसतंय मला," पाळकसाहेब म्हणाले. "बाजूला व्हा मास्तर. खणू द्या."

गँगनं खणलं. ती माणसं दगडाशी कशी बोलतात ते मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय, पण त्या दिवशीसारखं नाही. तळाशी कातळाची एक जीभ आडवी आली. कोंडूनं छिन्नी धरायला दिली आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावरून घेऊन घाव घातले. मीही अंग राखलं नाही. कातळ फुटला, आणि त्याच घावाला माझा दांडा मधोमध मोडला. माझं डोकं खड्ड्यात जाऊन पडलं. कोंडूनं ते उचलून काठावर ठेवलं, म्हणून पुढचं मी बघू शकलो.

पेटी दोरांवर उतरवली. एका बाजूचे दोर मंडळीनं धरले, दुसऱ्या बाजूचे गँगनं. पाळकसाहेबांनी मुकादमाच्या हातातलं फावडं घेतलं आणि पहिली माती लोटली. कुंकवानं त्यांचे तळवे लाल झाले. त्याच हातांनी त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. "हा आमचा भाऊ," असं म्हणून ते थांबले. त्यांनी पुस्तकातून मान वर करून सगळ्यांकडं बघितलं.

गँगच्या लोकांना ह्यांच्या विधीतलं काय ठाऊक? कोंडूला वाटलं की म्हातारा त्यांनाच विचारतोय. तो मोठ्यांदा म्हणाला, "व्हय जी. आमचा."

"आमचाच," महिपती मुकादम म्हणाला. मागून बाकीचे म्हणाले. मग पोस्टमन म्हणाला, स्वयंपाकी म्हणाले. सगळ्यांच्या शेवटी, खाली बघत, मास्तर म्हणाले. सारजाबाई तोंडात पदर धरून उभी होती. तिनं पदर खाली घेतला आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

त्याला आता पाच वर्षं झाली. सारजाबाई मंदिरामागच्या खोलीत राहते; गँगमधलं कुणी ना कुणी तिला जळण आणून टाकतं असं गोदामात बोलताना ऐकलं. माझ्यात नवा दांडा काही बसला नाही. इथल्या कारकुनानं मला भंगाराच्या ढिगात घातलंय, आणि माझी हरकत नाही. खरंच दमलोय.

फक्त एक मागणं आहे. कधी गाडीनं मळवलीवरून लोणावळ्याला आलात तर वळवणच्या अलीकडं खिडकीबाहेर बघा. रुळापासून दोन पावलं सरकून, निशाण काखेत धरून एक माणूस गाडी जायची वाट बघत उभा असेल. तो कोंडू. त्याला हात करा. हौशीरामला कधी कुणी केला नाही.